तळखडे

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. ही म्हण यानाकाच्या दफनभूमीत माझ्या डोक्यात शिरली आणि दिवसभर टोकियोच्या गल्ल्यांतून माझ्याबरोबर हिंडली. माझं आणि नवऱ्याचं दोन्ही करून झालंय, पण म्हणीचं नेमकं म्हणणं काय, हे कधी मनावर घेतलं नव्हतं.

आजीच्या तोंडी ती खर्चाच्या बोलण्यात यायची. विटा, चुना, सुतार. मानपान, रुसवेफुगवे, ऐनवेळी वाढलेल्या पंगती. अंदाज चुकतोच, आणि तो किती चुकतो हे करणाऱ्यालाच कळतं, एवढा तिचा अर्थ. पण म्हण वास्तुशांतीपाशी आणि अक्षतांपाशी थांबते. पुढं त्या घरात आणि त्या माणसाबरोबर राहायचं असतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. शिवाय दोन्ही गोष्टी आयुष्यात एकदाच, हे तिनं धरूनच ठेवलंय.

टोकियोत घराचं तसं नाही. जपानच्या करआकारणीत लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात. जुनं घर विकायला काढलं तर बहुतेक वेळा जागेचेच पैसे येतात आणि घेणारा आधी घर पाडतो. १९८१ साली भूकंपासाठी बांधकामाचे नियम कडक झाले, त्यामुळं त्याआधीच्या घरात राहायला लोक कचरतात. त्यामागं १९२३चा भूकंप आहे, आणि १० मार्च १९४५ची रात्र आहे. त्या एका रात्रीच्या बॉम्बफेकीत सुमारे एक लाख माणसं गेली. घर टिकेल असा भरवसा इथल्या माणसानं कशाच्या जोरावर धरावा?

यानाका ही वस्ती या दोन्हींतून बऱ्यापैकी वाचली, म्हणून तर आम्ही सकाळी निप्पोरी स्टेशनवर उतरलो. दोघांना शेजारी जेमतेम चालता येईल एवढ्या गल्ल्या. अंगण नाही म्हणून भिंतीलगत थर्माकोलच्या खोक्यांत लावलेली झाडं. एका दारापाशी पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. मांजरांनी तिथं घाण करू नये म्हणून. आपल्याकडं कुत्र्यांसाठी लाल-निळ्या पाण्याच्या ठेवतात, तशाच. नवरा वाकून बघत राहिला. आत हिरवं शेवाळ धरलं होतं, पण प्रत्येक बाटलीवरचं लेबल डिंकाचा डाग न ठेवता सोललेलं होतं. मला त्या न दिसलेल्या माणसाबद्दल फार माया वाटली. हे घरही कधी तरी पाडतील, तोवर त्याची भिंत कुणी तरी एवढी जपतंय.

माझं मन मात्र दफनभूमीतच राहिलं होतं. तिथं शेवटच्या शोगुनची, तोकुगावा योशिनोबूची कबर आहे. आम्ही तिकडं गेलो नाही. चेरीच्या झाडांच्या रस्त्याकडेला, पोलीस चौकीशेजारी एक बुटक्या कुंपणाचा चौकोन आहे आणि त्यात नुसते दगड. वाड्याच्या खांबाखाली तळखडे असतात ना, ते. यांच्यावर पाचमजली पॅगोडा होता. पहिला १६४४ सालचा, तो १७७२च्या मोठ्या आगीत गेला. १७९१ साली पुन्हा उभारला. चौतीस मीटर उंच, सगळा लाकडी. जपानी लेखक कोदा रोहानची एक कादंबरी तो बांधण्याच्याच गोष्टीवर आहे. भूकंप त्यानं सोसला, बॉम्बफेकीतून तो वाचला. आणि ६ जुलै १९५७च्या पहाटे जळाला. राखेत एक पुरुष आणि एक स्त्री सापडली. एकमेकांवर जीव असलेली ती दोघं जोडीनं मरायला तिथं गेली होती.

लग्न करून पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. दुपारपर्यंत मला त्यांचा राग येत होता. किती सुतारांचे हात लागले असतील, किती पिढ्यांनी मान वर करून तो पाहिला असेल. एका वस्तीची एवढी मोठी वस्तू आपल्या दुःखात ओढून न्यायचा त्यांना काय अधिकार होता? नंतर राग ओसरला. त्यांना दुसरं छप्पर कुठं होतं, असंही वाटून गेलं. हे वाटणं बरोबर आहे असं मी म्हणत नाही.

"बांधायला हवा होता परत," नवरा म्हणाला. त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. १८७० साली घेतलेल्या मापांचे नकाशे शाबूत आहेत. घरांमागून घरं पाडून बांधणाऱ्या या शहरानं ही एक जागा उघडी का ठेवली असेल? संध्याकाळी असाकुसाला गेलो तेव्हा तो प्रश्न आणखी टोचायला लागला. तिथल्या सेन्सोजी देवस्थानाचं मुख्य मंदिर १० मार्चच्याच आगीत गेलं आणि १९५८ साली, म्हणजे यानाकाचा पॅगोडा जळाल्याच्या दुसऱ्या वर्षी, काँक्रीटमध्ये उभं राहिलं. छपरावरची कौलं आता टायटॅनियमची आहेत. पुढं धूपपात्राभोवती गर्दी होती. एक म्हातारे गृहस्थ ओंजळीनं धूर ओढून बायकोच्या गुडघ्यावर घालत होते, पुन्हा पुन्हा. आणि ती "पुरे" म्हणावं तसा हात हलवत होती. त्या दोघांना कौलं कशाची आहेत याच्याशी काय घेणं होतं?

तिथं मला पटलं, बांधायला हवा. काँक्रीटचा का होईना. मी तसं म्हणाले, तर नवरा गप्प झाला. मग म्हणाला, "अगं, पण पॅगोडा उभा असता तर आपण फोटो काढून पुढं गेलो असतो. त्या दोघांची चौकशी कुणी केली असती?" खरं आहे. पण दोन अनोळखी माणसांची आठवण राहावी म्हणून वस्तीनं पॅगोड्याविना राहायचं का? आणि आठवण तरी त्यांना हवी होती का, की कुणालाही सापडू नये म्हणूनच ती दोघं आगीत शिरली? जेवताना आम्ही पुन्हा याच विषयावर आलो. तो माझ्या सकाळच्या बाजूनं बोलत होता आणि मी त्याच्या.