करार संपला, काम राहिलं

दहावीला बरे गुण पडले की सायन्स, मग बारावी, मग डिग्री, हे आमच्या आळीत ठरलेलंच. मी फिटर ट्रेड घेतला. दोन वर्षं आयटीआय, मग एक वर्ष कारखान्यात अप्रेंटिस आणि नंतर परमनंट, असा आमचा हिशेब. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "हुशार पोराला कानस घासायला पाठवताय?" ते मी विसरलो. भोसरीच्या एमआयडीसीत पुढे जे झालं, ते मात्र अजून विसरता येत नाही.

सुरुवातीला झाडलोट आणि तेलपाणी होतं. त्याबद्दल तक्रार नाही; तिथल्या जुन्या फिटरकाकांनी त्यातूनच यंत्राचा आवाज ओळखायला शिकवलं. मग असेंब्लीवरचा एक परमनंट कामगार निवृत्त झाला आणि त्याच्या बाकावर मला उभं केलं. टार्गेट त्याचंच आणि सेकंड शिफ्टही त्याचीच. हातात मात्र विद्यावेतन. मला वाटलं, जागा रिकामी आहे, काम जमतंय, म्हणजे आपलं झालं. काकाही तसंच म्हणत होते.

वर्ष भरलं. बॅज जमा करून घेताना साहेब म्हणाले, "अप्रेंटिसला घ्यायची आपली पॉलिसी नाही." पुढच्या आठवड्यात त्याच बाकावर नव्या बॅचचा मुलगा उभा होता. काम संपलं नव्हतं, जागा भरली नव्हती, माझ्या कामात खोटही कुणी काढली नव्हती. फक्त माझा करार संपला होता. पुढे काही महिन्यांनी एका ठेकेदाराने बोलावलं आणि मी त्याच गेटमधून, त्याच असेंब्लीवर, ठेकेदाराचा माणूस म्हणून आत गेलो. म्हणजे कंपनीला माझे हात हवे होते, हजेरीपटावर नाव नको होतं.

याला बेकायदेशीर म्हणायचीही सोय नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा सांगतो, अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. सुरक्षिततेचे नियम त्याला लागू होतात, बाकीचे बहुतेक कामगार कायदे होत नाहीत. मूळ कायद्यात करार संपल्यावर नोकरी द्यायचं बंधनही मालकावर नव्हतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर भरतीचं धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचं आहे. शिकवण्यासाठी केलेली ही सूट स्वस्त उत्पादनासाठी वापरली जाते, हा माझा राग आहे आणि तो जाणार नाही.

तरीही कुणी विचारलं की कॉलेज बरं होतं का, तर माझ्याच्याने हो म्हणवत नाही. आज टूलरूममध्ये ज्या कामावर माझं घर चालतं, ते त्या बाकावरच हातात बसलं. कागदाची किंमत मात्र नाकारू नका. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही आणि डिप्लोमावाल्यांना फोरमन होताना आम्ही पाहत राहिलो.

मुलाला किंवा मुलीला अप्रेंटिसशिपला पाठवणाऱ्या पालकांना एवढंच सांगतो. कंपनीचं नाव बघून सही करू नका. मागच्या बॅचमधले किती जण घेतले, ते आधी विचारा. प्रशिक्षणानंतर उमेदवाराने तिथेच नोकरी करायची, अशी अट करारात असेल तर योग्य नोकरी देऊ करणं मालकावर बंधनकारक होतं. कायद्याचं कलम २२ तसं म्हणतं. ती अट लेखी मागा.