बॉयलर आधी, कॉफी नंतर

जिंतूर, सेलू आणि मंठा या तिन्ही बाजूंचे रस्ते देवगाव फाट्यावर एकत्र येतात, त्यामुळे दिवसभर इथं कुणी ना कुणी थांबतंच. एसटीची वाट पाहणारे असतात, कापसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर असतात, परभणीला दवाखान्यात निघालेली माणसं असतात. चहा सगळ्यांनाच लागतो. अशा जागी आपल्या हॉटेलात एस्प्रेसोचं मशीन बसवायचं म्हणालो, तेव्हा घरात कुणी अडवलं नाही. वडिलांनी एवढंच विचारलं, "बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार?" प्रश्न रास्त होता. पुढचे काही महिने मी त्याचंच उत्तर शोधत होतो.

पुण्यात एका कॅफेत काही वर्षं कामाला होतो, तिथं या मशीनचा लळा लागला. तो कॅफे बंद झाला आणि त्याचं दोन ग्रुपचं, म्हणजे दोन ठिकाणी कॉफी उतरणारं, जुनं इटालियन मशीन भंगारापेक्षा थोड्या जास्त किमतीत मला मिळालं. ट्रान्सपोर्टच्या गाडीतून ते फाट्यावर उतरवलं तेव्हा उचलायला चार माणसं लागली. बघ्यांनी लगेच ओळखलं, "लग्नातली कॉफी!" आपल्याकडच्या लग्नात उभं असतं ते यंत्र फक्त वाफ देतं. दूध, साखर, कॉफी पावडर कपात घालून वाफेनं घुसळायची आणि वर कोको भुरभुरायचा. मलाही ती कॉफी आवडते. पण या मशीनचं काम वेगळं. बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीतून साधारण 9 बार दाबानं गरम पाणी ढकलायचं आणि पंचवीस-तीस सेकंदांत घट्ट अर्क काढायचा. सुरुवातीची मशीनंही वाफेच्याच जोरावर चालायची. लुइजी बेझेरा यांनी 1901 साली मिलानमध्ये पेटंट घेतलं ते तसल्याच मशीनचं. दाब वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अकिले गॅजिया यांच्या दांड्याच्या मशीनमुळे, आणि कॉफीवर ती सोनेरी साय तेव्हापासून दिसू लागली. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 मॉडेलनं दांड्याची जागा विजेच्या पंपाला दिली. माझं मशीन त्याच वंशातलं.

आत एक तांब्याचा बॉयलर असतो. त्यात पाणी आणि वाफ, दाब 1 ते 1.2 बार, म्हणजे घरच्या कुकरएवढाच. फरक इतकाच की कुकर पाच लिटरचा आणि हा बॉयलर त्याच्या दुपटीहून मोठा, शिवाय दिवसभर तापलेला. कॉफीचं पाणी या बॉयलरमधून जाणाऱ्या वेगळ्या नळीतून वाहता वाहता तापतं. म्हणून बॉयलर निकोप नसेल तर बाकी काहीही चमकवून उपयोग नाही.

बॉयलरमधलं पाणी तापवणाऱ्या कॉइलचे बोल्ट सोडले आणि आत टॉर्च मारला. आत तांबं दिसतच नव्हतं. भिंतींवर करड्या-पांढऱ्या क्षाराचा थर होता, बोटाच्या पेराएवढ्या खपल्या तळाशी पडलेल्या, आणि कॉइलचे तिन्ही वेढे क्षारानं एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेला. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कार्बोनेट होतं आणि ते धातूला धरून बसतं. आधीच्या जागी पाणी मऊ करायची सोय कुणी केलीच नसावी. हातोडी-छन्नी वापरायचा मोह होत होता, पण तांब्याला ओरखडे पडले असते. खाण्यायोग्य सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून बॉयलर भरला. उकळतं पाणी वापरलं नाही, कारण द्रावण फार गरम आणि फार तीव्र झालं तर कॅल्शियम सायट्रेटचा नवाच गाळ बसतो. भरल्याबरोबर आतून फसफस ऐकू यायला लागली. पाणी बदलत राहिलो. शेवटी गुलाबीसर तांबं दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मला या कामातच सापडत गेलं. एस्प्रेसो मशीनचा मेकॅनिक आमच्या भागात नाही. पण मोटार, पंप, बॉयलर, पाइप हे सगळं आमच्या माणसांच्या रोजच्या हाताखालचं आहे. कॉइल मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर, मोजली तर इन्सुलेशन फारच कमी दाखवत होतं. बरीच वर्षं पडून राहिल्यामुळं आतल्या पावडरीनं ओल धरली होती. अशी कॉइल तशीच जोडली तर आरसीसीबी पडते, आणि आरसीसीबी नसेल तर माणूस पडतो. सेलूच्या रिवाइंडिंगवाल्या भाऊंकडे विहिरीच्या मोटारींचं वाइंडिंग सुकवायची पेटी आहे, आत मोठे बल्ब लावलेली. त्यांनी कॉइल त्या पेटीत ठेवली. पुन्हा मेगर लावला तेव्हा काटा असा सरकला की ते स्वतःच खूश झाले. "ओली मोटार आन् ही, दोघींचा रोग एकच," म्हणाले.

गॅसकिटवरून मात्र आमच्या इंजिन मिस्त्रीमामांशी थोडं वाजलं. ते म्हणाले, "शेलॅक लावतो, जन्मात गळायचं नाही." मी म्हणालो, "मामा, हे पाणी लोकांच्या पोटात जाणार." ते क्षणभर थांबले, मग त्यांनीच टेफ्लॉनच्या शीटमधून कॉइलचं गॅसकिट इतकं नेमकं कापून दिलं की बोल्टाच्या एकाही भोकाला हात लावावा लागला नाही. इंजिनाचं ग्रीसही वापरलं नाही. खाण्याच्या वस्तूंसाठीचं सिलिकॉन ग्रीस आणि ग्रुपच्या रबरी रिंगा पुण्याहून मागवल्या. जुन्या रिंगा दगडासारख्या कडक झाल्या होत्या, कोरून काढाव्या लागल्या.

मग दाबाची चाचणी. प्लंबर पाइपलाइन तपासायला हातपंप वापरतात, तोच आणला. बॉयलर थंड पाण्यानं काठोकाठ भरून दाब 2.7 बारपर्यंत नेला आणि काटा स्थिर राहतो का ते बघत बसलो. 1.8 बारला उघडणाऱ्या सेफ्टी वॉल्व्हच्या दीडपट हा दाब. चाचणी पाण्यानंच करायची, हवेनं कधीच नाही. पाण्यानं भरलेलं भांडं फाटलं तर गळतं, दाबलेल्या हवेचं भांडं फुटून तुकडे उडतात.

खरा घोळ पुढे होता, पाण्याचा. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 900 च्या वर. ते मशीनला देणं म्हणजे काढलेला क्षार परत भरणं. म्हणून आरओचं पाणी जोडलं, तर बॉयलर भरतच राहिला आणि वाफेच्या नळीतून पाणी यायला लागलं. कारण मजेशीर आहे. बॉयलरमध्ये एक धातूची कांडी असते. पाणी तिला टेकलं की पाण्यातून किंचित वीज बॉयलरच्या अंगापर्यंत वाहते आणि भरणं थांबतं. आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी की वीज वाहतच नाही, मशीनला बॉयलर रिकामाच वाटतो. शिवाय इतकं निःक्षार पाणी तांब्या-पितळेला हळूहळू खातं, आणि कॉफीही त्यात फिक्की उतरते. म्हणून आता आठ भाग आरओ आणि एक भाग गाळलेलं बोअरचं पाणी मिसळतो. टीडीएस 120 च्या आसपास येतो, कांडी काम करते, चव खुलते. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी धुवायला जातं. मराठवाड्यात ते गटारात सोडायला मन धजत नाही.

विजेचंही तेच. मशीनची जोडणी तीन फेजसाठी होती, ती एका फेजवर बदलली, मंजूर भार वाढवून घेतला, चार एमएमची वेगळी तांब्याची वायर ओढली. तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून नवं अर्थिंग केलं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे खड्ड्यात पाणी टाकत राहावं लागतं. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज 180 वर येतं. तेव्हा कॉइलची ताकद साठ टक्क्यांवर उतरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अशा वेळी दोन्ही ग्रुप एकदम चालवत नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंप चालतो, कॉइल नाही. साठलेल्या उष्णतेवर काही कप निघतात.

आता मशीन रोज चालतं. काळी कॉफी पिणारे थोडेच, कॉलेजची मुलं आणि लांबचे प्रवासी. बाकीच्यांना दुधाची लागते. म्हशीच्या दुधाला वाफ दिली की असा दाट, गुळगुळीत फेस येतो की पुण्यातही मी तसा बघितला नाही. चहा अजूनही जास्त खपतो आणि खपत राहील. पण ज्यांनी ही कॉइल सुकवली, गॅसकिट कापलं, त्यांना वर्षाकाठी पुन्हा बोलावता येतं, हे मला खपापेक्षा मोलाचं वाटतं.

तालुक्याच्या गावी जुनं मशीन आणायचा कुणाचा विचार असेल, तर माझं सांगणं एवढंच. विकणारा कप काढून देईल, तो प्या, पण व्यवहार ठरवण्याआधी कॉइल बाहेर काढायला लावून बॉयलरमध्ये टॉर्च मारा. आपल्या पाण्याचा टीडीएस आणि अर्थिंग आधी मोजून ठेवा. आणि सेफ्टी वॉल्व्ह कितीही चांगला दिसला तरी जुना ठेवू नका, नवाच बसवा.