हे आणि ते

विठ्ठलपंत काशीचा संन्यास सोडून आळंदीला परतले ते रुक्मिणीच्या ओढीने नव्हे, गुरूच्या आज्ञेने. ती पिंपळाला प्रदक्षिणा घालताना गुरूंना भेटली आणि सारे उघड झाले, अशी कथा आहे. पुढे कीर्तनकार लगेच वाळीत पडलेल्या घराकडे आणि चार मुलांकडे वळतात. परतलेल्या नवऱ्याला रुक्मिणी काय म्हणत असेल, हा प्रश्न माझा.

मल्लेश्वरमच्या आमच्या घरी बाबा नऊ वर्षांनी आले. बारा वर्षांच्या भावाने दारातच विचारले, "कोण हवंय?"

तोवर आई त्यांना 'हे'च म्हणे, जणू शेजारच्या खोलीत असावेत. ह्यांना कारलं आवडत नाही. ह्यांची छत्री हलवू नका. त्या रात्री पान वाढताना मात्र मला म्हणाली, "त्यांना विचार, भात हवा का." बाबा दोन हातांवर बसले होते. 'हे' पुन्हा तिच्या तोंडी आले नाही.

कन्नडमध्येही 'इवरु' आणि 'अवरु' आहेत, त्यामुळे इथल्या मैत्रिणींना हे समजावून सांगावे लागत नाही. अडते ते छत्रीपाशी. ती बाबांनी कधीच उघडली नाही. पावसात तसेच दूध आणायला जात.