तीन अंकांचे सौभद्र

कोल्हापूरहून बेळगावास जाणारा रस्ता हा मराठी संगीत रंगभूमीचा जुना राजरस्ता होय. अंतर फार नाही, सुमारे ११० किलोमीटर. पूर्वी नाटक कंपन्यांचे पडदे, पेटारे, पायपेट्या आणि आचाऱ्यांची भांडी याच वाटेने कोल्हापूरहून बेळगाव, धारवाड, हुबळीकडे जात. आज या रस्त्यावरून गाडी इतकी वेगाने धावते की कागल मागे पडले, कोगनोळी आली आणि राज्य बदलले, हे दुकानांच्या पाट्यांवरची लिपी बदलल्याखेरीज ध्यानातही येत नाही. शेते तीच, ऊस तोच, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंची मराठीही तीच. फक्त वाक्याच्या शेवटी एक 'की ओ' येऊन बसलेला.

आम्ही बडोदेकर. संगीत नाटकाशी आमच्या गावाचा एक धागा आहे, तो म्हणजे भाऊराव कोल्हटकर. हा बडोद्याचा मुलगा १८८२ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि सुभद्रेच्या भूमिकेत त्याने सारा महाराष्ट्र वेडा केला. माझ्या आजीकडे नाट्यपदांची एक वही होती. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, पापड लाटताना त्या वहीतील पदे आमच्या घरात म्हटली जात. पुढे वही आईकडे आली, आईकडून माझ्याकडे. माझ्यानंतर ती कोणाकडे जावी, असा प्रश्न गेली काही वर्षे मनात आहे, कारण माझी नातवंडे मराठी बोलतात खरी, पण पदांना ती 'आजीची जुनी गाणी' असे म्हणतात आणि प्रेमाने दार लोटून घेतात. बेळगावात काही तरुण मुले सौभद्र बसवीत आहेत, असे एका नातेवाइकांच्या बोलण्यात आले, तेव्हा वही पिशवीत घातली आणि निघाले.

निपाणीस उतरले ती केवळ चहासाठी. पण तास दीड तास मोडला. निपाणी हे तंबाखूचे गाव. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला गेले की वखारींचा तो तिखट, गोडसर, नाकात झोंबणारा वास येतो, आणि तो अंगावरच्या कपड्यांतून बेळगावपर्यंत सोबत करतो. या गावाचे नाव देशभर झाले ते १९८१ सालच्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर येऊन बसले आणि अखेरीस पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. बिड्या वळणाऱ्या बायकांनी संघटित होऊन मजुरीसाठी दिलेला लढाही याच गावचा. निपाणीत पैसा आला तो असा, घाम आणि ठसका यांतून. हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेल्या तरुणाच्या मोबाइलवर 'कट्यार काळजात घुसली' चित्रपटातील गाणे लागले होते. मी उगाच विचारले, "हे मूळ नाटकातलं आहे, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "आमच्या बाबांनी बघितलंय की ओ, मावशी. आम्ही पिक्चर बघितला. बसा की, अजून एक च्या घ्या." त्याच्या दृष्टीने त्यात जुने-नवे असे काही नव्हतेच. मला मात्र ते फार महत्त्वाचे वाटले.

सुज्ञ वाचकांस ही हकीकत माहीत असेलच, तरी थोडक्यात सांगते. १९३१ साली बोलपट आला आणि संगीत नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या. दोन पिढ्या ज्या गायनावर जगल्या ते गायन अडगळीत जाते की काय, असे झाले. पण १९६० च्या सुमारास एक नवलाचे वळण आले. विद्याधर गोखल्यांनी 'पंडितराज जगन्नाथ', 'सुवर्णतुला', 'मंदारमाला' ही नाटके दिली. १९६४ साली वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' आले, १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार'. जितेंद्र अभिषेकींनी चाली अशा बांधल्या की राग शाबूत राहिला, पण पद आटोपशीर झाले. वन्समोअरवर वन्समोअर घेत पहाटेपर्यंत नाटक रेंगाळण्याचे दिवस संपले. आणि मग साठीच्या दशकातील ते नवेही जुने झाले. २०१० च्या सुमारास वसंतराव देशपांडे यांचे नातू राहुल देशपांडे व सुबोध भावे यांनी 'कट्यार' पुन्हा रंगमंचावर आणले, २०१५ साली त्याचा चित्रपट झाला, त्यातील गायनासाठी महेश काळे यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे निपाणीच्या गल्ल्यावर वाजत होते ते पुनरुज्जीवनाचे पुनरुज्जीवन.

निपाणी सोडली की स्तवनिधीचा छोटा घाट, मग संकेश्वर, हिरण्यकेशीचे पात्र, पुढे वंटमुरीचा उतार आणि राणी चन्नम्माचे माहेर काकती. मार्गशीर्षातील बेळगावची थंडी अंगावर शाल घ्यायला लावणारी असते. सकाळी नऊपर्यंत धुके, आणि धुक्यातून दिसणारी लाल कौले. काळ बदलला, २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, कौलांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पण कुंदा तोच आहे, मांडे तेच आहेत, आणि खडेबाजारात एकच दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड आणि तिसऱ्याशी दखनी उर्दू बोलतो, तेही आवंढा न गिळता.

या गावाला गाणे कळते. पु. ल. देशपांडे येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत असत, आणि त्यांच्या 'रावसाहेबां'मुळे बेळगावची बैठक मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचली. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. डिसेंबर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी ती खोदली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, याच अधिवेशनात, आणि त्यांच्यापुढे गायिलेल्या मुलींत अकरा वर्षांची गंगूबाई हनगल होती. त्याच वर्षी, ८ एप्रिलला, बेळगावजवळच्या सुळेभावी गावी शिवपुत्र कोमकली नावाचे मूल जन्मले. आपण त्यांना कुमार गंधर्व म्हणतो. जन्म कन्नड घरातील, संसार माळव्यात देवासला, आणि बालगंधर्वांची पदे त्यांनी अशी उलगडून दाखविली की कर्मठ गंधर्वभक्तही विचारात पडले.

परंतु बेळगावचे खरे ऋण आहे ते अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावे. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा, आजच्या सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूर गावचा. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. बेळगावात असताना किर्लोस्करांनी 'भरतशास्त्रोत्तेजक मंडळी' काढली, शिक्षकाची नोकरी केली, पुढे महसूल आयुक्तांच्या कचेरीत लेखणी झिजविली. येथेच गोविंद बल्लाळ देवल नावाचा विद्यार्थी त्यांना लाभला, ज्याने पुढे १८९९ साली 'शारदा' लिहिली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास 'शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि पात्रांनी स्वतः गात नाटक करण्याची आपली परंपरा उभी राहिली. अवघ्या पाच वर्षांत, २ नोव्हेंबर १८८५ रोजी, हा माणूस गुर्लहोसूरलाच वारला. वय ४२. याच गावात, याच कुळात १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले; त्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे नांगर केले. एका आडनावाने महाराष्ट्राला गाणेही दिले आणि नांगरही! गुर्लहोसूरला जाण्यास या खेपेस सवड झाली नाही, ही रुखरुख आहे.

तालीम शहापुरात होती, एका जुन्या घराच्या माडीवर. जिना अंधारा, दोरी धरून चढायचा. वर आठ-दहा मुलेमुली, एक तबला, एक पायपेटी. तंबोरा मात्र मोबाइलमधला. मिरजेचा तंबोरा तीन तासांच्या वाटेवर असताना हे असे का, म्हणून मी जरा नापसंती दाखविली. गुरुजी हसून म्हणाले, "तंबोरा आहे हो ताई, पण ही पोरं कामावरून परस्पर येतात. जुळवण्यात अर्धा तास गेला तर गाणार कधी?" पेठेतील किराणा दुकान सांभाळून गुरुजी ही तालीम घेतात. वय सत्तरीच्या घरात. त्यांनी सौभद्र कृष्णाच्या भूमिकेपासून पायपेटीपर्यंत सर्व अंगांनी केलेले आहे.

माझी अपेक्षा होती की मुले ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब नक्कल करीत असतील. गाजलेल्या गवयाची प्रत्येक हरकत, प्रत्येक श्वास उचलायचा आणि त्यालाच परंपरा म्हणायचे, हा प्रकार स्पर्धांतून मी पुष्कळ ऐकला आहे, आणि स्पष्ट सांगायचे तर मला त्याचा कंटाळा येतो. येथे उलट रीत होती. गुरुजी आधी पदाची साधी चाल पाठ करून घेत, मग प्रसंग विचारीत. सुभद्रा आता कोणावर रुसली आहे? दादावर की नशिबावर? तिचे लग्न बलरामदादाने दुर्योधनाशी ठरविले आहे, मन अर्जुनापाशी आहे, आणि कृष्णाचे डाव तिला ठाऊक नाहीत. हे कळल्यावर मग तान घे, नको असेल तर घेऊ नको. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी आणि पुढे 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी पदांत ख्याल-ठुमरीचे ऐश्वर्य आणले, ते थोरच. पण किर्लोस्करांची पदे ही बोलण्याच्या लगतची पदे आहेत. साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तन, आणि आजूबाजूची कन्नड गाणी, जे कानावर पडले ते त्यांनी घेतले.

सुभद्रेचे काम करणारी मुलगी कन्नडभाषक घरातील निघाली. अभियांत्रिकी शिकते. तिच्या हातातील कागदावर मराठी पदे कन्नड लिपीत लिहिलेली होती. 'ळ' आणि 'ण' तिचे आम्हा बडोदेकरांपेक्षा शुद्ध! एका पदाशी ती थांबली आणि म्हणाली, "ही चाल आमची अज्जी म्हणती. शब्द वेगळे." गुरुजींनी तिला अज्जीचे गाणे म्हणायला लावले. ते तंतोतंत तेच होते असे मी म्हणणार नाही, पण बहीणभावंडे नक्कीच. तिच्या घरी एका वडीलधाऱ्यांनी विचारले होते, मराठी नाटक कशाला? ती उत्तरली, "कुंदगोळचे सवाई गंधर्व कशाला करीत होते?" या उत्तराने घर गप्प झाले की नाही, ते तिने सांगितले नाही.

माझा भाचा फ्रान्समध्ये असतो. तेथील काही तरुण वाद्यवृंद साठीच्या दशकातील इंग्रजी 'मॉड' गाणी नव्याने करतात, असे तो सांगत असे, आणि एकदा त्याने मला ती ऐकविलीही. १९६० नंतर लंडनमधील पोरे नेटके सूट शिवून, इटालियन स्कूटरवर बसून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत ऐकत फिरत. त्यातून 'द हू', 'स्मॉल फेसेस' असे वृंद निघाले. १९७९ च्या आसपास इंग्लंडात त्याची पुन्हा लाट आली. आता फ्रेंच मुले, ज्यांचा तो देश नाही, ती भाषा नाही, तो काळ तर नाहीच, तेच सूर छेडतात. (स्कूटर म्हणाल तर साठीच्या दशकात व्हेस्पा पुण्यासही बनू लागली होती, आमचे काकाही ती ऐटीत चालवीत, पण सूट नव्हता!) तेव्हा मी हसले होते. शहापूरच्या माडीवर कन्नड लिपीतील ती पदे पाहिल्यावर मात्र हसू आले नाही.

मुख्य अडचण निराळीच होती. कृष्णाचे काम करणाऱ्या मुलाला बंगळुरास नोकरी लागली होती आणि आठवड्याने तो जाणार होता. दुसरा कृष्ण तयार व्हायला सहा महिने. सभागृहाचे पैसे भरलेले, तिकिटे थोडीफार खपलेली. पाच अंकांचे नाटक कसे उभे राहावे? एक मुलगा म्हणाला, नुसता पदांचा कार्यक्रम करू, मध्ये निवेदन घालू. तोच रिवाज हल्ली सर्वत्र आहे, आणि नाटकावाचून पद म्हणजे देठावाचून फूल, असे माझे मत असल्याने मी श्वास रोखून बसले. गुरुजींनी पायपेटीचा भाता थांबविला. "पदांचा कार्यक्रम नाही. कृष्ण जायच्या आधी जेवढं बसेल तेवढं नाटक. १८८२ साली अण्णासाहेबांनीसुद्धा सौभद्राचे पहिल्या दिवशी तीनच अंक केले होते. उरलेले मागाहून केले." माहिती खरी आहे. शाकुंतलाचेही पहिल्या रात्री चारच अंक झाले होते. मुले एकमेकांकडे पाहू लागली, आणि मग पहिल्या अंकाच्या प्रवेशाला पुन्हा सुरुवात झाली.

प्रयोग झाला तो पुढच्या रविवारी. कृष्ण शनिवारी जाणार होता, तो सोमवारी गेला. सभागृह अर्ध्याहून थोडे अधिक भरले होते. पुढच्या रांगांत पांढरे केस, मागे मित्रमंडळी, आणि मधल्या एका रांगेत इरकल नेसलेली ती अज्जी. दोन ठिकाणी ताल हलला, अर्जुनाची दाढी एकदा निसटली. सुभद्रेचे रुसव्याचे पद संपले तेव्हा वन्समोअर आला तो मागच्या रांगांतून, पुढच्यांतून नव्हे. तिसरा अंक संपल्यावर गुरुजी पडद्यापुढे आले आणि उरलेले दोन अंक पाडव्यानंतर होतील, कृष्ण रजा काढून येणार आहे, असे सांगून आत गेले.

वहीतील सौभद्राची पाने त्या मुलीने मोबाइलवर टिपून घेतली. दोन पदांच्या चाली आमच्या आजीने लिहून ठेवल्या होत्या त्या गुरुजींना ठाऊक असलेल्यांहून वेगळ्या निघाल्या. आम्ही दोघे त्यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालीत बसलो आणि निकाल लागला नाही. पाडव्यानंतरचे तिकीट मी काढले आहे.