एकट्याचं ताट

मराठी भाषेतलं सगळ्यात खवचट अक्षर कोणतं असेल, तर ते 'च'. 'एकटे आलात?' या प्रश्नात नुसती चौकशी असते. 'एकटेच आलात?' म्हटलं की तिच्यात कीव येते, संशय येतो आणि 'घरी सगळं ठीक आहे ना?' हेही येतं. आपल्याकडे माणसाने कोर्टात एकट्याने जावं, दातांच्या डॉक्टरकडे एकट्याने जावं, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण मजा करायला एकटा निघाला, की गडी बिघडला असं धरून चालतात. आणि हॉटेलात एकटा जेवणारा माणूस म्हणजे एक तर फिरतीवर आलेला, नाहीतर बायको माहेरी गेलेली. तिसरी शक्यता मोठ्याने कुणी बोलत नाही.

मी त्या तिसऱ्या शक्यतेतला. आमची ही जाऊन तीन वर्षं झाली. चिरंजीव नोकरीनिमित्त ग्लासगोला असतात, म्हणून एका उन्हाळ्यात तिकडे गेलो. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, मी दिवसभर खिडकीत. समोरच्या घरातल्या मांजराचं वेळापत्रक पाठ झाल्यावर मी जाहीर केलं, की आठ दिवस स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांतून हिंडून येतो आणि तिथलं जे मिळेल ते खाऊन येतो.

"एकटेच, बाबा?" चिरंजीव म्हणाले. सात समुद्र ओलांडून तो 'च' माझ्याआधीच तिथे येऊन राहिला होता! सूनबाईंनी काही न बोलता दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली.

ग्लासगोहून मॅलेगला जाणारी गाडी ही बघण्यासारखी चीज आहे. फोर्ट विल्यमपर्यंतचा रूळ १८९४ सालचा, पुढचा मॅलेगपर्यंतचा १९०१ चा. वाटेत रॅनॉक मूर नावाचा अफाट दलदलीचा माळ लागतो. तिथे पाया लागेना, तेव्हा इंजिनिअरांनी झाडांची मुळं, फांद्या, माती आणि राख यांची गादी घातली आणि तिच्यावर रूळ अंथरले. ती गादी अजून गाडी पेलते आहे. पुढे कोरूर नावाचं स्टेशन येतं. त्याला सार्वजनिक रस्ताच नाही. म्हणजे गाडी चुकली, तर रिक्षा करण्याचा प्रश्नच मिटला. ग्लेनफिननच्या एकवीस कमानींच्या पुलावर गाडी वळण घेऊ लागली, तेव्हा सगळा डबा कॅमेरे घेऊन एका बाजूला झाला. मी तेवढ्या निवांतपणात शेवटची दशमी संपवली. आता माघार नव्हती.

मॅलेगहून बोटीने स्काय बेटावर उतरलो. संध्याकाळी खाणावळीच्या दारातल्या पोरीने विचारलं, "जस्ट युअरसेल्फ?" वास्तविक हा 'जस्ट' म्हणजे आपला 'च'च. पण तिच्या तोंडी तो टेबलाचा आकार ठरवण्यापुरताच होता. मी मान हलवली, तिने खिडकीजवळचं छोटं टेबल दाखवलं. संपला विषय. मी कुणाचा कोण, माझं कुणी आहे की नाही, यात तिला रस नव्हता. मला आधी बरं वाटलं. मग जरासं वाईटही वाटलं. माणसाचं समाधान करणं कठीण.

मेनूकार्ड उघडलं आणि एकटेपणाची खरी अडचण तिथे कळली. आमची दोघांची रीत अशी होती, की दोन निराळे पदार्थ मागवायचे आणि अर्ध्यावर आले की ताटांची अदलाबदल करायची. तिने मागवलेला पदार्थ नेहमी जास्त चांगला निघत असे, आणि अदलाबदलीची आठवण नेहमी मीच करून देत असे. विवाहाचे फायदे सांगणाऱ्या पुस्तकांत हा फायदा कुणी छापलेला नाही. एकट्या माणसाला मेनूकार्डाचं अर्धंच राज्य मिळतं. समोर हॅगिस होतं आणि कलन स्किंक नावाचं सूप होतं. पोट एक. मी हॅगिसवर बोट ठेवलं.

हॅगिस म्हणजे काय, हे जेवून झाल्यावर सांगण्याचा प्रघात आहे. मेंढीचं काळीज, हृदय आणि फुप्फुस बारीक करून त्यात ओटचं जाडंभरडं पीठ, कांदा, चरबी आणि मिरीबिरी घालायची, आणि ते सगळं मेंढीच्याच जठराच्या पिशवीत भरून उकडायचं. सोबत सलगमच्या जातीच्या कंदाचा आणि बटाट्याचा लगदा. हे ऐकून साहेबाच्या देशातले पाहुणेदेखील पांढरे पडतात म्हणे! पण मी मालवणकडचा माणूस. ज्याने लहानपणी वजडीच्या कालवणासाठी भावंडांशी भांडणं केली आहेत, त्याला मेंढीच्या पोटाचं काय भय? पहिल्या घासाला मिरी लागली, दुसऱ्याला ओळख पटली. बकऱ्याचं मांस सावकाराकडे जावं आणि आतलं गरिबाकडे यावं, हा जगभरचा व्यवहार आहे. आणि गरिबाच्या बायकोने त्यातून सणाचा पदार्थ करावा, हाही जगभरचाच. रॉबर्ट बर्न्स या त्यांच्या कवीने १७८६ साली हॅगिसला उद्देशून कविता लिहिली. दर २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिवशी, ती ताटापुढे म्हणतात आणि मग सुरी चालवतात. वजडीवर आपल्याकडे अशी कविता मी तरी शाळेत शिकलो नाही. शाकाहारी वाचकांनी खट्टू होऊ नये. एडिंबरातल्या एका खाटिकाने १९८४ साली डाळी आणि भाज्या घालून शाकाहारी हॅगिस केलं. खाटकाने शाकाहार वाढवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

जेवण उत्तम होतं, पण त्यात एक उणीव होती. आग्रह नव्हता. ती पोरगी एकदा येऊन "सगळं ठीक?" विचारून गेली. 'अजून एक चमचा घ्याच' नाही, 'आवडलं नाही वाटतं?' नाही. आपल्याकडे वाढणाऱ्याला निम्मी चव कळते, कारण तो खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो. इथे मी आणि हॅगिस. 'मिरी छान लागतेय, नाही?' हे वाक्य तोंडाशी आलं आणि ते घासाबरोबर गिळावं लागलं. चव जिभेवर असते हे अर्धसत्य आहे. उरलेली अर्धी ती कुणाला तरी सांगण्यात असते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला पॉरिज. म्हणजे ओटची पेज. ती ढवळायला स्पर्टल नावाचा एक लाकडी दांडा असतो. फूल मोडलेली रवी डोळ्यांपुढे आणा. मालकीणबाई जुन्या वळणाच्या. त्यांनी माझ्यापुढे मीठ ठेवलं. पलीकडच्या टेबलावरच्या जोडप्याने साखर मागितली, तेव्हा त्यांनी ती दिली. पण आपण चहात मीठ मागणाऱ्याला ज्या नजरेने देऊ, त्या नजरेने. डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात ओट या धान्याची व्याख्या करताना, हे इंग्लंडात घोडे खातात आणि स्कॉटलंडात माणसं, अशा अर्थाचा टोमणा मारून ठेवला आहे. पण थंड, ओल्या आणि हलक्या जमिनीत, तोकड्या उन्हाळ्यात, जिथे गहू मान टाकतो तिथे ओट उभा राहतो. आमच्या कोकणात डोंगरउतारावर नाचणी हेच करते. पेज मिठाने खाल्ली आणि आजीच्या हातची आंबील आठवली. शहाण्या लोकांनी हसावं आणि शहाणपण येताच डब्यातून विकत घ्यावं, हे दोघींच्याही नशिबी आलं.

स्कायच्या एका आडरस्त्यावर फाटकापाशी एक लाकडी पेटी दिसली. आत अंडी, जॅमच्या बाटल्या आणि टॅबलेट. टॅबलेट हे औषध नव्हे. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध यांची रवाळ वडी आहे. किमतीची चिठ्ठी, पैशांचा डबा, आणि राखायला माणूस नाही. मी चारी दिशांना पाहिलं. एक मेंढी माझ्याकडे पाहत होती. तिच्या साक्षीने नाणी टाकली आणि वडी उचलली. अंडी अर्ध्या डझनाची होती. ती संसारी माणसासाठी. त्या डब्यात नाणं पडल्याचा आवाज मात्र ऐकत राहावा असा होता. ओळखदेख नसलेल्या कुणी तरी माझ्यावर भरवसा टाकला होता. विचार केला, तर हा आग्रहाचाच एक मुका प्रकार.

इन्व्हरनेसच्या बाजूला आल्यावर तळलेल्या माशाच्या दुकानात भाषेचा एक चमत्कार कळला. मासा चिप्ससकट घेतला तर तो 'सपर'. मग भर दुपारचा एक का वाजलेला असेना. चिप्स नको असतील तर तोच मासा 'सिंगल'. म्हणजे बटाटा सोबतीला नसला की मासा एकटा पडतो. मी सपर मागवलं.

मग हट्टाने कलन गाठलं. मोरेच्या किनाऱ्यावरचं हे गाव, आणि पहिल्या रात्री राहून गेलेलं सूप इथलंच. धुरी दिलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध. दूध आणि मासा! या विरुद्धाहाराने अंगावर कोड उठतं, असं आमच्याकडे सांगत. मी दोन वाट्या प्यालो आणि हात निरखून पाहिले. काही नाही. ताटांची अदलाबदल शेवटी झाली खरी, पण मधे पाच दिवस आणि अर्धा देश गेला.

शेवटचा मुक्काम आर्ब्रोथ. इथली 'स्मोकी' नामांकित. हॅडॉक मासा खारवून, दोन-दोन माशांच्या शेपट्या दोरीने बांधून काठीवर टांगतात आणि झाकलेल्या पिंपात लाकडाच्या धगीवर शिजवतात. आर्ब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत केली, तरच तिला हे नाव लावता येतं, असं संरक्षण तिला २००४ साली मिळालं. मी दुकानात एक मासा मागितला. दुकानदाराने दोन शेपट्या बांधलेली जोडी पुढे केली. म्हणाला, "जोडीनेच येतात."

जोडी घेऊन बंदरावरच्या बाकावर बसलो. तिथल्या बाकांवर पितळी पट्ट्या असतात, कुणाच्या तरी आठवणीच्या. माझ्या बाकावर नवरा-बायकोची नावं होती. एक मासा संपला. दुसऱ्याकडे मी आणि एक धटिंगण समुद्रपक्षी दोघेही बघत होतो. एवढ्यात माझ्याच वयाचे एक गृहस्थ कुत्रा घेऊन शेजारी येऊन बसले. मी कागद पुढे केला. ते "नको, नको" म्हणाले. या देशात नको म्हणजे नको, हे आठ दिवसांत कळलं होतं. पण आठ दिवसांचा आग्रह माझ्यात साठला होता. मी पुन्हा म्हटलं, "घ्याच." हसले, म्हणाले, "बरं, द्या तर मग," आणि चक्क हाताने खाऊ लागले. हाताने! कण्याचा काटा अख्खा कसा उचलायचा, ते त्यांनी मला दाखवलं. ते उजव्या हाताने शिकवत होते, मी उजव्या हाताने शिकत होतो, आणि काटे कुत्र्याला मिळणार नाहीत, हे दोघे मिळून कुत्र्याला सांगत होतो. "गरम आहे तोवरच मजा," ते म्हणाले. "मीठ बेताचं आहे, नाही?" मी म्हणालो. एवढंच संभाषण. नावं विचारायची राहून गेली.

एकट्याने प्रवास करू इच्छिणाऱ्यांना थोरामोठ्यांनी पुष्कळ सल्ले दिले आहेत. छत्री घ्या, पैसे दोन खिशांत ठेवा, गाडीच्या वेळा लिहून ठेवा. सगळे बरोबर आहेत. माझा एकच जादा सल्ला: जोडीनेच मिळणारी एखादी वस्तू वाटेत जरूर विकत घ्या.