डी.एड.ची वाट आणि कोतवाल बुक

माझ्याकडं बारावीचं मार्कलिस्ट आहे. अठ्ठावन्न टक्के. कॉलेजची पायरी न चढता मिळवलेले. नववीत शाळा सुटली आणि सूतगिरणीत चिकटलो. रिंग खात्यात तुटलेला धागा जोडता जोडता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली, मग बारावी. आता मला मास्तर व्हायचंय. हायस्कुलातला नव्हे, पहिली-दुसरीचा. आमच्या कोयना खोऱ्यातल्या शाळेत.

हे खात्यात बोललो तर जोडीदार हसले. ‘कवी झालास, आता गुर्जी पण हो.’ कोयनानगरला घरी गेलो तेव्हा वस्तीतले कार्यकर्ते हसले नाहीत. त्यांनी पाठ थोपटली. पण डी.एड.ला जायचं कसं, कागद कुठले लागतात, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही. दोस्तहो, राग मानू नका. ३ जानेवारीला आपण सावित्रीमाईच्या फोटोला हार घालतो. माईचं नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं. पण माईनं शिकवायचं ट्रेनिंग घेतलं होतं, नगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडं, हे भाषणात किती जण सांगतात? बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकून मास्तर झाले, लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले. पुढं इंग्रजांनी महारांची लष्करभरतीच बंद केली, ती वाट बुजली. ७ नोव्हेंबर १९०० ला छोटा भिवा साताऱ्याच्या शाळेत गेला तो एका मास्तराचा पोरगा म्हणून. त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी १९३५ साली प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. म्हणजे मास्तर घडवायचा कारखाना आपल्या अंगणातच होता.

वाट मला सापडली ती अशी. बारावीला कुठलीही शाखा चालते. खुल्याला साडेएकोणपन्नास टक्के लागतात, आपल्याला साडेचव्वेचाळीस. प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन यादीनं होतात. कोर्स दोन वर्षांचा. नाव बदलून डी.एल.एड. झालंय, पण लोकांच्या तोंडात डी.एड.च. सरकारी संस्था आपल्या जिल्ह्याची फलटणला, सांगलीवाल्यांची सांगलीत. फलटण म्हणजे पाटण तालुक्यातून बघितलं तर जिल्ह्याचं दुसरं टोक. आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालणार नाही. पदवीवाला, बी.एड.वाला तिथं बाद. बारावी झालेल्या गिरणी कामगाराला सरळ जाता येईल अशी ही एक वाट उरलीय.

मार्कांत मी बसलो. अडलो जातीच्या दाखल्यावर.

१० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आमचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. माझा आजा तिथनं उठला आणि धरणाच्याच कामावर दगड वाहायला लागला. आपल्या घरावर येणारं पाणी आपल्याच हातानं अडवलं. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगरची घरं बसली, त्यात आमची खोली बसली, पत्र्याच्या पेटीत जे काय कागद होते ते गेले. आजा वाचला, कागद नाही वाचले.

कचेरीतला बाबू म्हणाला, ‘काय रे, आज्याचा शाळेचा दाखला आण.’

‘आजा शाळेत गेला नाही साहेब.’

‘मग मी काय करू?’

बघा कसं आहे. ज्या जातीमुळं आजा शाळेत बसू शकला नाही, त्या जातीचा पुरावा म्हणून त्याच शाळेचा दाखला. आम्ही बौद्ध. महार हा शब्द घरानं टाकून दिला त्याला साठ वर्षं होऊन गेली. आय आजही तो उच्चारत नाही. आणि मी चार महिने, सुट्टीच्या प्रत्येक दिवशी, तोच शब्द शोधत फिरलो.

शेवटी एका म्हाताऱ्या निवृत्त तलाठ्यानं सांगितलं, कोतवाल बुक बघ. गाव नमुना चौदा. जुन्या काळी गावात कोण जन्मलं, कोण मेलं, त्याची नोंद, जातीसकट. गाव बुडालं तरी दप्तर तालुक्याला असतं. अर्ज केला, हेलपाटे घातले, बुक निघालं. निघालं तर मोडीत! पान समोर आणि मला एक अक्षर लागंना. मी कविता लिहितो, सतरा नंबरनं दोन बोर्डाच्या परीक्षा काढल्यात, आणि माझ्याच आज्याच्या जन्मापुढं मी अडाणी. मोडी वाचणारा शोधला, पैसे मोजले. त्यानं बोट ठेवून वाचलं. पणज्याचं नाव, खाली ‘मुलगा’, पुढं जात. आज्याचं नाव नव्हतंच. पण बाप, गाव, साल जुळलं. तेवढ्यावर दाखला झाला.

आता दुसरी अडचण, आणि खरी तीच. हजेरी ऐंशी टक्के. शाळेवर छात्रसेवेला पाठवतात तेव्हा नव्वद. रात्रपाळी करून दिवसा वर्गात बसेन असं मला वाटायचं. कोयनानगरहून होत नाही, फलटणहून तर नाहीच. म्हणजे दोन वर्षं पगार नाही. आय म्हणाली, ‘दोन वर्सं पगार न्हाई? मग खायाचं काय, पाटी?’ तिला उत्तर नव्हतं माझ्याकडं. शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासून. पण आधी प्रवेश, मग अर्ज, मग तपासणी, मग पैसे. खानावळवाला पहिल्या तारखेला मागतो. म्हणून सांगतो, आपल्या तालुक्यात एखादी मंडळी जयंतीच्या वर्गणीतनं थोडे बाजूला काढून एका पोरा-पोरीचे पहिले सहा महिने उचलतील, तर एक मास्तर उभा राहील. डी.जे. एक कमी वाजेल, वाजू दे.

कोर्स संपला की नोकरी, असं कुणी समजू नका. २ मे २०१२ पासून भरती बंद झाली, पुढं कितीतरी डी.एड. कॉलेजांना कुलपं लागली. टीईटी आली, वर अभियोग्यता चाचणी. ती २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. लागलाच नंबर तर तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन सहा हजार होतं, २०२३ ला सोळा झालं. आणि आमच्या खोऱ्यातल्या वाड्यांच्या शाळांचा पट दहा-बारा. संचमान्यतेच्या नव्या निकषांवरून शिक्षक संघटनांनी ओरड केली ती उगीच नव्हे. मी मास्तर होईपर्यंत शाळा राहील का, हा प्रश्न मला रिंग फ्रेमसमोर उभं असताना छळतो. तरी जाणार. ती शाळा मोडली तर तिथल्या पोरांना डोंगर उतरून यावं लागेल, आणि पहिल्यांदा गळतील त्या आपल्या पोरी. ती मोडू नये म्हणून गावसभेत उठून बोलणारा मास्तर पाहिजे, आणि तो तिथलाच पाहिजे.

आयनं परवा हिशेब केला. तिची कामं, माझा फंड, मामाकडनं उसने. सहा महिने निघतात. पुढचं पुढं.

एक काम मात्र सुरू केलंय. मोडीची बाराखडी मिळवलीय, पाळी सुटल्यावर एक पान गिरवतो. पाटण, कराड, शिराळ्याकडं ज्यांचे दाखले अडलेत, गाव बुडालेलं असो की कागद जळालेला असो, त्यांनी कोतवाल बुकाची नक्कल काढून माझ्याकडं आणावी. वाचायला पैसे लागणार नाहीत. थोडा वेळ लागेल, माझा ‘ज’ आणि ‘ल’ अजून घोटाळतो.