पुठ्ठ्यावरचे घर

सोलापूरला येणारा पाहुणा सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फिरतो, शेंगाचटणीची पुडी आणि एक चादर घेतो, आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. त्याला मी दोष देत नाही. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत अक्कलकोट रस्त्याला मी जे पाहिले, तेही त्याने पाहावे असे आहे.

अकरावीला माझ्या वर्गात असलेला एक मुलगा पुढे इंजिनियर झाला आणि वडिलांच्या ठेकेदारीत शिरला. एका सकाळी तो दारात उभा. “सर, चला. घरं विणलेली दाखवतो!”

वाटेत कुंभारी लागली. तिथले रे नगर म्हणजे विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांची ३०,००० घरांची योजना. त्यांतली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. एकसारख्या इमारतींच्या त्या रांगा पाहून माणूस क्षणभर गप्पच होतो.

पुढे विद्यार्थ्याचे आवार होते. छपराखाली लोखंडी साचे मांडलेले, त्यांत सळ्या, विजेच्या नळ्या आणि वर काँक्रीट. “आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन आणि पाण्याची टंचाई तुम्हांला ठाऊकच आहे, सर. उघड्यावर काँक्रीट नीट मुरत नाही. इथं सावलीत भिंत तयार होते, मग क्रेनने नेऊन जागेवर उभी करायची.”

ही कल्पना काही कालची नव्हे. वाईजवळच्या पसरणी गावच्या बी. जी. शिर्के यांनी स्वीडनचे सिपोरेक्स तंत्र पुण्यात आणले आणि आधी तयार केलेले खांब, तुळया नि स्लॅब जोडून वसाहती उभ्या केल्या. २०२२ साली सिडकोने बामणडोंगरीला ९६ घरांची इमारत ९६ दिवसांत उभी केली, तीही अशाच सुट्या भागांतून.

आवारात विद्यार्थ्याचे वडील खुर्ची टाकून बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. चाळीस वर्षे परांचीवर काढलेला माणूस. मला पाहून म्हणाले, “सर, तुम्हीच सांगा याला. घर म्हणजे काय चादर आहे?”

मी पूर्व भागात वाढलो. शेजारच्या मागाचा खडखडाट ऐकत अभ्यास केला. जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथे सूत उचलले जाते, नसेल तिथे नाही. मोर पुठ्ठ्यावर आधी ठरतो, चादरीवर नंतर उमटतो. पुढे संगणकानेही हीच भोकांची भाषा उचलली. पण एक भोक चुकले, तर प्रत्येक चादरीतला मोर लंगडा! मी अण्णांना एवढेच म्हणालो, “चादरच आहे अण्णा, पण पुठ्ठा तपासून घ्या.”

तो योग लगेच आला. विडी कामगारांच्या एका लहान सोसायटीचे काम त्यांनी घेतले होते, आणि नमुन्याची खोली पाहायला काही बाया आल्या होत्या. संगणकावर विद्यार्थ्याने अख्खे घर फिरवून दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक आजी मात्र खोलीत जाऊन भिंतीशी मांडी घालून बसल्या.

“बाळा, खिडकी उंच झाली रे. सूप मांडीवर घेतल्यावर उजेड कुठनं येणार?”

सगळे स्तब्ध. घरी बसून दिवसभर पान कापणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बाईला उजेड बसल्या जागी लागतो, हे नकाशा काढणाऱ्या कुणालाच सुचले नव्हते. नेहमीच्या बांधकामात गवंड्याने दोन थर कमी रचले असते की भागले असते. इथे भिंत साच्यातून बाहेर पडली की पडली. सुदैवाने खिडक्यांच्या भिंतींचे काम अजून सुरू झाले नव्हते.

विद्यार्थी मुकाट्याने संगणकाशी बसला. खिडकी एका ठिकाणी खाली सरकवली, तशी सगळ्या घरांची खाली आली. विजेच्या नळ्या आणि सळ्यांचा हिशेबही बदलला. अण्णा इतका वेळ पाहत होते. ते उठले, आपली खुर्ची पोराच्या शेजारी ओढून बसले आणि म्हणाले, “आता न्हाणीघर दाखव. तिथं कपडे धुवायला बाई कुठं बसणार, ते विचारलंस का कुणाला?”

विद्यार्थ्याने आजींना आत बोलावले.